मध हा नफा, माशी हे मुद्दल

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांपासून मधपेटीचे नाव वरचेवर कानावर येऊ लागले आहे. कुणी भाजीच्या मळ्यात दोन पेट्या ठेवल्या, कुणी फार्महाऊसवाल्याला दहा पेट्या बसवून दिल्या, कुणी सुताराकडे पेट्यांची ऑर्डर टाकली. सरकारचाही यात हात आहे. खादी आयोगाने २०१७ पासून मधपेट्या वाटण्याचे अभियान चालवले, २०२० साली केंद्राने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले, आणि १६ मे २०२२ रोजी महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. तेव्हा आपल्या डोंगरपट्ट्यातील तरुणांनाही या धंद्याची ओढ लागली तर नवल नाही.

आमचा धंदा कापडाचा. नेरळ, कर्जत, कशेळे, चौक, खोपोली या बाजारांत आमचे जाणेयेणे असते. मधमाशीशी आमचा संबंध आला तो मेणामुळे. बाटिकचे काम करणाऱ्याला मेण लागते, जाड दोरा ओवणाऱ्या कारीगराला दोऱ्याला ओढायला मेण लागते. मेणाची चौकशी करता करता पेटीवाल्यांशी ओळखी झाल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. धंद्यात उतरणारा माणूस पेटीचा भाव विचारतो, मधाचा भाव विचारतो, गिऱ्हाईक कुठे मिळेल ते विचारतो. माशीची तब्येत कशी आहे, तिचे खानदान कोणते, तिला कोणता आजार होतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

सूरह नहलचे नाव माहीत असलेल्या आमच्या वाचकांना मधाची महती नव्याने सांगायला नको. आमच्या उर्दू शाळेतही मधमाशीचा धडा होता, तो मेहनत आणि शिस्त शिकवण्यासाठी. ही माशी आजारी पडते, तिच्यातही साथी येतात आणि एका साथीत हजारो पेट्या रिकाम्या होतात, हे त्या धड्यात नव्हते. धंद्याच्या पानावर ते सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. कारण मध हा नफा आहे आणि माशी हे मुद्दल. मुद्दलच गेले तर नफ्याचा हिशेब कशाचा करायचा?

पेटीत राहते ती सातेरी

आपल्या रानात मुख्यतः चार प्रकारच्या माश्या मध करतात. उंच झाडाला किंवा कड्याला मोठे एकच पोळे लावणारी ती आग्या. ती पेटीत राहत नाही. झुडपात हाताच्या तळव्याएवढे पोळे लावणारी फुलोरी. तीही पेटीत राहत नाही. अगदी बारीक, नांगी न मारणारी माशी भिंतीच्या फटीत घर करते. तिचा मध थोडा. आणि झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या घराच्या भिंतीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी लावणारी ती सातेरी. अंधारात राहण्याची सवय असल्यामुळे पेटीत नांदते ती हीच.

याशिवाय पाचवी एक पाहुणी आहे, ती युरोपातली मेलिफेरा. हिमाचलमधील नगरोटा बगवान येथे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचा भारतात जम बसला आणि तेथून ती पंजाब, हरियाणा व उत्तरेत पसरली. ती सातेरीच्या तिप्पट-चौपट मध देते. पण तिला मैलोगणती मोहरी, सूर्यफूल असा एकसारखा फुलोरा लागतो आणि फुलोरा संपला की पेट्या ट्रकमध्ये घालून दुसरीकडे न्याव्या लागतात. कर्जत-खालापूरचे रान तसे नाही. येथे जांभूळ, हिरडा, ऐन, करंज असा एकामागून एक थोडाथोडा फुलोरा असतो. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते. मधे चार महिन्यांचा कोसळता पाऊस, ज्यात माशीला बाहेर पडणे मुश्कील. असे दिवस काढण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या सातेरीलाच आहे. म्हणून आपल्या भागात धंदा करायचा तर तो तिच्या भरवशावर.

दक्षिणेत काय झाले

सातेरीच्या भरवशावर धंदा करणाऱ्यांवर १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात काय गुदरले, ते प्रत्येक पेटीवाल्याने जाणून घ्यावे. केरळ, तामिळनाडूचा कन्याकुमारी जिल्हा आणि कर्नाटकाचा काही भाग हे सातेरीपालनाचे बालेकिल्ले होते. रबराच्या मळ्यांत हजारो कुटुंबे या धंद्यावर होती. तेथे एका विषाणूची साथ शिरली. तिचे नाव थाई सॅकब्रूड. हा रोग १९७६ साली थायलंडमध्ये प्रथम दिसला म्हणून त्याला तसे नाव पडले. १९७८ च्या सुमारास तो आपल्या ईशान्य भागात आला, तेथून हिमालयाच्या पायथ्याने पश्चिमेकडे सरकला आणि अखेर दक्षिणेत पोहोचला.

या रोगात मोठी माशी धडधाकट दिसते. मरते ती अळी. कोषात जाण्याच्या बेताला आलेली अळी घरातच ताठ होते, तिचे डोके वर वळते, अंगाची पाण्याने भरलेली पिशवी होते. चिमट्याने उचलली तर पिशवीसारखीच बाहेर येते. नवी पिढी निघेनाशी झाली की पेटी महिन्या-दोन महिन्यांत ओस पडते, नाहीतर उरलेल्या माश्या उठून जातात. यावर औषध नाही, आजही नाही. दक्षिणेत बाधित भागातल्या सुमारे नव्वद टक्के वसाहती त्या साथीत गेल्याचे नोंदले गेले आहे. ज्याच्याकडे शंभर पेट्या होत्या त्याच्याकडे दहा उरल्या. पेट्या करणारे सुतार, मध गोळा करणाऱ्या सोसायट्या, सगळ्यांचे हात रिकामे झाले. पुष्कळांनी सातेरी सोडून मेलिफेरा धरली.

पण या कहाणीत दहा टक्क्यांचा जो हिशेब आहे, तोच आजच्या लेखाचा गाभा आहे. नव्वद मेल्या, मग दहा का वाचल्या? शेजारच्या पेटीतली अळी मेली आणि या पेटीतली तगली, याचा अर्थ तिच्या रक्तात काहीतरी होते. केरळातील जाणत्या पेटीवाल्यांनी आणि संशोधकांनी हे ओळखले. वाचलेल्या वसाहती वेगळ्या काढल्या, त्यांच्यापासूनच नव्या राण्या आणि नव्या वसाहती केल्या, आणि काही वर्षांनी सातेरीचा धंदा पुन्हा उभा राहिला. कोरियात २००९ च्या सुमारास असाच रोग आला आणि तेथील याच जातीच्या माशीच्या बहुतेक वसाहती नाहीशा झाल्या. तेथील सरकारी कृषी संशोधकांनीही हाच मार्ग धरला आणि पुढील दशकात रोगाला तोंड देणारा माशीचा वाण निवडीतून तयार केला.

कर्जतकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. त्यांच्याच गावात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७ हे भाताचे वाण तेथूनच निघाले. करपा पडलेल्या शेतात जी लोंबी टिकते तिचे बी राखायचे, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. माशीच्या बाबतीतही तोच कायदा आहे. फरक एवढाच की माशीचे बी कणगीत भरून ठेवता येत नाही. ते उडते.

पुणे आणि महाबळेश्वरचे काम

माशीच्या आरोग्याचा अभ्यास फक्त परदेशात होतो असा समज असेल तर तो चुकीचा आहे. आपल्याच सह्याद्रीत या कामाचा पाया घातला गेला. महाबळेश्वरच्या मधोद्योगाच्या निमित्ताने तेथे आणि पुण्यात माशीवर संशोधन सुरू झाले. डॉ. जी. बी. देवडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली आपल्या सातेरीच्या पेशीतील गुणसूत्रे मोजून त्यावर निबंध प्रसिद्ध केला. राणी आणि कामकरी माशीत ३२, आणि नरात त्याच्या निम्मी म्हणजे १६. गुणसूत्र म्हणजे आईबापाचे गुण पुढच्या पिढीत नेणारा धागा. नरात ते निम्मे असतात, कारण नर हा न फळलेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला आई असते, बाप नसतो.

१९६२ साली खादी आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. गणेशखिंड रस्त्यावरची ही संस्था आजही प्रशिक्षण देते. कर्जतहून गाडीने घाट चढला की पुणे, इतके ते आपल्याला जवळ आहे. राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. महाराष्ट्रातील सातेरीवर युरोपियन फाउलब्रूड नावाचा जंतूंचा रोग आल्याची पहिली नोंद १९७१ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्या मातीत हा अभ्यास चालू आहे. या रोगात अळी लहानपणीच, पोळ्याचे झाकण बसण्याआधी मरते, पिवळी-तपकिरी पडते आणि आंबूस वास येतो. सॅकब्रूडमध्ये तसा वास नसतो. पेटीवाल्याने एवढा फरक ओळखला तरी तो संस्थेला नीट खबर देऊ शकतो.

माशीचा जुना वैरी

जगभर मधमाशीच्या नावाने आज जी ओरड आहे, तिचे मोठे कारण व्हरोआ नावाचा कीडा. लालसर-तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढा. तो माशीच्या अंगाला चिकटतो, तिचे शरीर शोषतो आणि विषाणू एकीकडून दुसरीकडे नेतो. या कुळातील किड्याची पहिली नोंद १९०४ साली जावा बेटावर झाली, ती आपल्या सातेरीच्याच जातीच्या माशीवर. मेलिफेरा माशी आशियात आणली गेली तेव्हा हा कीडा तिच्यावर चढला. १९७० नंतर तो युरोपात पसरला, १९८७ साली अमेरिकेत सापडला. ऑस्ट्रेलिया तेवढी सुटली होती, तेथेही तो २०२२ साली पोहोचला आणि वर्षभराच्या धडपडीनंतर तेथील सरकारने त्याला मुळापासून काढण्याचा नाद सोडला.

नवलाची गोष्ट ही की ज्या किड्याने मेलिफेराला जेरीस आणले, तो सातेरीचे फारसे बिघडवत नाही. दोघांची ओळख हजारो वर्षांची आहे आणि सातेरीने त्याच्याशी लढण्याचे डावपेच अंगात मुरवले आहेत. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी संशोधकांनी पाहिले की अंगावर कीडा बसताच सातेरी अंग झटकते, पायांनी त्याला ओढते, जमले नाही तर बहिणींना बोलावते आणि त्या त्याला जबड्यात धरून बाहेर टाकतात. कामकरी माशीच्या घरात कीडा शिरला तर ती अळी लवकर मरते आणि माश्या तिला किड्यासकट उपसून काढतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे स्पष्ट केले की या अळीचे नाजूकपण हेच वसाहतीचे कवच आहे. एक जीव लवकर जातो म्हणून किड्याचा वंश तेथे वाढत नाही. नराच्या घरात किडे फार झाले तर आतला नर अशक्त होतो, त्याला झाकण फोडता येत नाही, आणि माश्या ते घर तसेच बंद ठेवतात. किडेही आतच मरतात.

तेव्हा 'गावठी माशी, मध कमी' म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा. कमी मध देणारी ही माशी औषधाचा खर्च मागत नाही.

साफसफाई रक्तात असते

माशीच्या रोगप्रतिकाराचे एक मोठे गुपित अमेरिकेतील रोथेनबुहलर या संशोधकाने १९६४ साली उलगडले. त्यांनी मेलिफेराचे दोन वाण घेतले. एक वाण पोळ्यात अळी रोगाने मेली की झाकण फोडून ती बाहेर काढी. दुसरा वाण मेलेली अळी तशीच राहू देई, आणि रोग पसरे. दोघांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळ्या आळशी निघाल्या. मग त्या संकराचा साफसूफ वाणाशी पुन्हा मेळ घातला. त्यातून २९ वसाहती झाल्या. सहा वसाहती झाकण फोडून अळी काढत. नऊ वसाहती झाकण फोडत, पण अळी काढत नसत. सहा वसाहती झाकण फोडत नसत, पण माणसाने फोडून दिले की अळी काढत. बाकी आठ वसाहती काहीच करत नसत. म्हणजे झाकण फोडणे हा एक गुण आणि अळी काढणे हा दुसरा, आणि दोन्ही आईबापाकडून येतात. पुढच्या संशोधनात यात आणखी पुष्कळ जनुकांचा वाटा असल्याचे कळले, पण मूळ गोष्ट टिकली. स्वच्छतेची सवय रक्ताने येते, आणि म्हणून ती निवडता येते.

हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शास्त्रज्ञ पोळ्याचा एक तुकडा गोठवून आतले कोष मारतात आणि चोवीस तासांनी किती साफ झाले ते मोजतात. साधी रीत अशी की झाकण बसलेल्या शंभर घरांत बारीक सुई टोचावी, पोळे परत पेटीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मोजावे. सुई तीच, जी आपल्या प्रत्येक शिंप्याच्या डबीत असते. एका पेटीने चोवीस तासांत बहुतेक घरे साफ केली आणि दुसरीने निम्मी तशीच ठेवली, तर नवी राणी कुठल्या पेटीतून काढायची हे निराळे सांगायला नको.

माशीचा संपूर्ण जनुकीय आराखडाही आता वाचला गेला आहे. मेलिफेराचा २००६ साली, आणि आपल्या सातेरीच्या जातीचा, कोरियन संशोधकांच्या हातून, २०१५ साली. त्यामुळे कुठला गुण कुठल्या धाग्यात आहे याचा शोध सोपा झाला. पण पेटीजवळ बसून मोजणाऱ्या माणसाची गरज त्याने संपलेली नाही.

राणीचे लग्न गावाच्या हवेत

येथे एक अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची वाट दिसत नाही. राणीमाशीचे लग्न पेटीत होत नाही. ती तरुणपणी उंच हवेत उडते आणि एका नराशी नव्हे, दहाहून अधिक नरांशी तिचा मेळ होतो. त्यानंतर आयुष्यभर ती त्याच ठेव्यावर अंडी घालते. हे नर तुमच्या पेटीतले असतीलच असे नाही. शेजाऱ्याच्या पेटीतले, समोरच्या डोंगरातल्या ढोलीतले, कुणाचेही असतात. तेव्हा तुम्ही कितीही चांगली राणी निवडली तरी तिच्या मुलींत निम्मा वाटा गावच्या हवेचा राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चांगला वाण एकट्याने होत नाही. चार पेटीवाल्यांनी मिळून निवड केली, सगळ्यांनीच आपल्या कमजोर वसाहतींची राणी बदलली, तर त्या खोऱ्यातले नर सुधारतात आणि सगळ्यांच्या राण्यांना त्याचा लाभ होतो. दोन, रानातली मोहोळे ही कुणाच्या मालकीची नसली तरी सगळ्यांच्या कामाची आहेत. औषधाशिवाय, माणसाच्या मदतीशिवाय पावसाळे काढून जी ढोलीतली वसाहत तगली, तिचे नर म्हणजे फुकट मिळणारे उत्तम बी. ते मोहोळ जाळले तर मध एकदाच मिळतो, बी कायमचे जाते.

उलट बाजूही आहे. एकाच वसाहतीपासून सगळ्या पेट्या वाढवल्या तर नात्यातच लग्ने होऊ लागतात. माशीत नर की मादी हे एका विशिष्ट जनुकावरून ठरते, हे २००३ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवले. आईबापाकडून त्याचे एकसारखे धागे आले तर त्या अंड्यातून निकामी नर निपजतो आणि कामकरी माश्या त्याला लहानपणीच खाऊन टाकतात. मग पोळ्यात जागोजाग रिकामी घरे दिसतात. पोळे असे विरळ, चाळणीसारखे दिसू लागले आणि रोगाची खूण नसेल, तर समजावे की घराणे फार जवळचे झाले. यावर उपाय, जवळपासच्या रानातील वेगवेगळ्या मोहोळांतून वसाहती घेणे. दूरच्या राज्यातून ट्रकभर वसाहती मागवणे हा उपाय नव्हे. साथी याच वाटेने येतात.

औषध आणि बाजार

काही बांधव म्हणतील, एवढी यातायात कशाला, औषध मारू. व्यापाऱ्याने याचा हिशेब नीट करावा. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली. प्रतिजैविकांचे अंश हे त्यातील एक मोठे कारण होते. बंदी पुढच्या वर्षी उठली, पण तेवढ्या काळात निर्यातदारांची बाजारपेठ हातची गेली. त्याच वर्षी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने देशी बाजारातील नामांकित ब्रँडांच्या मधातही प्रतिजैविके दाखवली, आणि २०२० साली त्याच संस्थेने तपासलेल्या १३ ब्रँडांपैकी १० ब्रँड शुद्धतेच्या कसोटीला उतरले नाहीत. कीडनाशकाचे अंश मेणातही साठून राहतात. ते मेण मग मेणबत्ती, मलम, सौंदर्यप्रसाधने, सगळीकडे जाते.

शिवाय औषधाची धार बोथट होते. अमेरिकेत २०२४-२५ च्या हिवाळ्यापर्यंतच्या काही महिन्यांत व्यावसायिक पेटीवाल्यांच्या सुमारे साठ टक्के वसाहती गेल्या. तेथील सरकारी संशोधकांनी २०२५ साली तपासले तेव्हा, वर्षानुवर्षे वापरात असलेल्या अमिट्राझ या औषधाला किडे दाद देईनासे झाल्याची खूण मिळाली, आणि मेलेल्या वसाहतींत विषाणूंचा भरणा होता. औषध माशीला सांभाळते, पण कमजोर माशीचा वंशही सांभाळते, आणि किडा मात्र दर पिढीला तरबेज होतो.

नव्या वाटाही निघत आहेत. अमेरिकन फाउलब्रूड या रोगावर जानेवारी २०२३ मध्ये तेथील सरकारने मधमाशीसाठी पहिल्या लसीला सशर्त परवाना दिला. ही लस टोचायची नसते. ती राणीच्या खाद्यातून दिली जाते आणि तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीला संरक्षण मिळते. विज्ञान असे पुढे जात राहील. पण आपल्या रानातल्या सातेरीचा सॅकब्रूड रोखायला आज तरी निवड आणि खबरदारी याखेरीज दुसरे साधन नाही.

आपल्याकडे काय करता येईल

पेटीवाल्याने प्रत्येक वसाहतीची वही ठेवावी. उधारीची वही ठेवतो तशीच. कुठल्या मोहोळातून आली, पावसाळा कसा काढला, किती वेळा उठून गेली, सुईच्या चाचणीत किती घरे साफ केली, मध किती दिला. दोन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की कुठली पेटी राखायची आणि कुठलीची राणी बदलायची हे वहीच सांगेल. नुसत्या मधाच्या आकड्यावर निवड करू नये. पावसाळ्यात पेटी न सोडणे हा आपल्याकडे मधाइतकाच मोठा गुण आहे.

वसाहत विकत घेताना ती कुठून आली ते विचारावे आणि नवी वसाहत जुन्यांपासून काही आठवडे दूर ठेवून मगच मिसळावी. रिकाम्या जुन्या पेट्या आणि पोळी स्वस्त मिळतात म्हणून उचलू नयेत. फाउलब्रूडचे बीज लाकडात आणि मेणात वर्षानुवर्षे जिवंत राहते. जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कापडात जुना माल नवा म्हणून विकला तर गिऱ्हाईकाचे पैसे जातात. येथे पूर्ण गावाच्या पेट्या जातात.

सुतार बांधवांसाठी एक शब्द. पेटीतल्या चौकटींमधले अंतर माशीच्या मापाचे असते. ते जास्त झाले तर माशी मधे पोळे बांधते, कमी झाले तर मेणाने बुजवते, आणि मग पेटी उघडून तपासणेच होत नाही. तपासणी नाही तर रोग कळत नाही. मेलिफेराच्या पेटीचे माप सातेरीला चालत नाही. म्हणून संस्थेकडून नमुना घेऊन सातेरीच्या मापानेच काम करावे. ज्याच्या पेटीत चौकट सहज निघते त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

भाजीवाल्यांनी फवारणी माशी घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी. काकडी, कारले, दुधी यांचे फळ माशीच्या येण्यावर धरते, हे त्यांना माहीत आहे. फार्महाऊसवाल्यांनी भिंतीतले मोहोळ दिसले की औषध मारणाऱ्याला बोलावण्याऐवजी पेटीवाल्याला बोलवावे. तो ते सोडवून नेईल.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. ठाकूर आणि कातकरी बांधवांना कुठल्या ढोलीत किती वर्षांपासून मोहोळ नांदते हे जितके ठाऊक आहे तितके कुठल्याच संस्थेच्या दप्तरात नाही. जे मोहोळ दहा पावसाळे टिकले, त्याचा पत्ता हीच आपल्या दोन तालुक्यांतली खरी दौलत. आम्ही व्यापारी त्यांच्याकडून मध घेतो तेव्हा भाव पाडतो, आणि भाव पडला की त्यांना जास्त मोहोळे तोडावी लागतात. मधाची पट्टी तेवढी कापून पिल्लांचे पोळे राखणाऱ्याला दोन पैसे जास्त दिले, आणि पेटीसाठी वसाहत दाखवणाऱ्याला त्याचा हक्काचा मोबदला दिला, तर मोहोळ राखण्यात त्याचाही फायदा राहील.

दक्षिणेतली साथ आपल्याकडे येणारच नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. आली तर त्या दिवशी आपल्या खोऱ्यात किती प्रकारच्या, किती तगड्या वसाहती शिल्लक आहेत यावर सगळे ठरेल. ती तयारी साथीच्या आधी करायची असते. ज्यांना या धंद्यात पैसा घालायचा आहे त्यांनी पेट्यांची ऑर्डर देण्यापूर्वी पुण्याच्या संस्थेत जाऊन प्रशिक्षण घ्यावे, आणि एका गावातल्या चार जणांनी मिळून घ्यावे. दोन-तीन पेट्यांनी सुरुवात करावी, वही ठेवावी, आणि वाढवायचे ते आपल्याच रानातल्या टिकलेल्या माशीपासून वाढवावे. सबुरीने केलेल्या कामात बरकत आहे.